मागच्या ओळीचा मान

आमच्या दोनशिक्षकी शाळेतल्या मोठ्या गुरुजींइतका उलट्या खोपडीचा मास्तर अख्ख्या आटपाडी तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि न झालेलाच बरा. सगळं जग हुशार पोरांना पुढे बसवतं. हे ढ पोरांना पुढे घ्यायचे. ‘हुशार पोरगं झाडावर बसवलं तरी शिकतंय,’ असं ते मला, म्हणजे हाताखालच्या नवख्या मास्तराला, बजावायचे. ज्याला वाचता येऊ लागलं त्याची पाठ थोपटून ते त्याला मागे पाठवत. मागची ओळ मिळालेलं पोर त्या दिवशी घरी जाऊन हक्कानं गूळ मागायचं. हे वेड शाळेपुरतं असतं तरी चाललं असतं. पण गुरुजी भजनातही बेसूर माणसांना पेटीजवळ बसवायचे, त्यामुळे गावातलं भजन कायमचं बसलं. परसात मरायला टेकलेली रोपं रांजणाला चिकटून असत, जोमदार झाडं उन्हात करपत, आणि त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, कोथिंबीर शेजारून आणावी लागे.

दुष्काळ सरल्यावर वरून हुकूम आला, की तपासणीत ज्याचा वर्ग उत्तम निघेल त्या शिक्षकाला एक जादा इन्क्रिमेंट. गुरुजी निवृत्तीला आले होते; ही वाढ मिळाली तर पेन्शनही वाढणार होती. तपासणीचे साहेब फक्त पुढच्या ओळीला प्रश्न विचारतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गुरुजी ओळी बदलायला तयार होईनात. शेवटी काकू म्हणाल्या, ‘आवं, जल्मभर पोरांचं बघितलंत. येक दिस माझं बघा.’

तपासणीच्या सकाळी गुरुजींनी खाली मान घालून ओळी उलट्या केल्या. मेंढपाळाची हिरा वर्षानुवर्षं पुढच्याच ओळीत होती. तिला अजून दोन अक्षरं जोडता येत नव्हती. ‘जा बाळ, मागं बस,’ एवढंच ते तिला म्हणाले. पाटी छातीशी धरून, सगळ्यांकडे बघत बघत ती मागे गेली. साहेब खूश झाले आणि वाढ मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी हिरा आली नाही. आम्ही दोघं माळावर तिच्या घरच्यांकडे गेलो, तर मेंढरं कृष्णाकाठी न्यायची तयारी चालली होती. एरवी ते हिराला शाळेसाठी आजीजवळ ठेवून जात. तिचा बाप हात जोडत पुढे आला.

‘लय उपकार झालं, गुरुजी. पोरगी नाचतच आली, मला मागं बसवलं म्हून. आता शिकून झालं, तवा नेतो संगं.’

त्यानं गुरुजींच्या खांद्यावर नवं घोंगडं घातलं. पलीकडे हिरा घोड्यावर बोचकी चढवत हसत होती.

वाटेत मी म्हणालो, परत जाऊन खरं काय ते सांगू या. गुरुजी बांधावर बसले.

‘काय सांगू, मास्तर? तुझ्या पोरीला येत न्हाई म्हून म्या तिला लपवली, आसं? तिच्या म्होरं?’

ते रडले. मी नुसता जवळ उभा राहिलो, मला फार वाईट वाटत होतं.

ते घोंगडं त्यांनी कधी अंगावर घेतलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते पुढच्या ओळीत, हिराच्या जागेवर अंथरलेलं असे. पावसाळ्यात मेंढरं माळावर परतली की शिकवता शिकवता त्यांची नजर दाराकडे जाई. एखाद्या दिवशी कळपामागून हिरा जाताना दिसे. ती गुरुजींना हात करी आणि शाळा पुरी केलेल्या माणसाच्या रुबाबात पुढे निघून जाई.