पत्र्यांच्या आत, तरसासोबत

लॉकडाऊन लागला तेव्हा मी हडपसरला, मांजरी रस्त्यावरच्या एका इमारतीत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या मुलीबरोबर भाडं वाटून राहत होते. लग्न मोडून वर्ष झालं होतं. सदतिसाव्या वर्षी पुन्हा कुणाच्या तरी शेजारी टूथब्रश ठेवायची वेळ आली, याची मला मनातून लाज वाटायची. ती मूळची अमरावतीची. मुलांच्या अभ्यासाच्या एका ॲपसाठी चित्रं काढायची: हसरी गाजरं, टोपी घातलेले अंक, असलं. सकाळी आम्ही आपापल्या बसने जायचो, संध्याकाळी दमून परत यायचो. एकमेकींची ओळख व्हायला वेळच नव्हता. तो त्या मार्चमध्ये मिळाला, आणि जरा जास्तच मिळाला.

माझं काम विमा कंपनीत, फोनवर. माणूस गेल्यावर घरचे जो फोन करतात, तो मी घ्यायचे. ऑफिसात निदान आजूबाजूला लोक असायचे. एखादा फोन फार जड गेला की शेजारची डोळ्यांनीच ‘चहा?’ असं विचारायची. आता हॉलमधल्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून बसायचं. वाक्यं ठरलेली. “आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पॉलिसी क्रमांक सांगता का?” या दोन वाक्यांमध्ये एक श्वास. स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. उठून स्वयंपाकघरात गेले की तो पिवळा व्हायचा, आणि जास्त वेळ पिवळा राहिला की साहेबांचा मेसेज यायचा, ‘सगळं ठीक ना?’ त्यात काळजी नसायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायला मी हेडफोन एका कानावरून सरकवून बसायचे.

तिची तऱ्हा निराळी. तिच्या मॅनेजरने दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला सांगितलं होतं. बेडरूममध्ये ती पाठ ताठ करून गाजरं काढायची, आणि काम संपलं की दार लावून घ्यायची. आतून कात्रीचा आवाज यायचा.

एका रविवारी मी वाळलेले कपडे द्यायला दार ढकललं तर तिच्या मांडीवर एक डोकं होतं. जुन्या गादीचा फोम कापून केलेलं, मोठ्या कानांचं, लांब तोंडाचं. अर्ध्या भागावर राखाडी केस चिकटवलेले.

“हे काय?” मी विचारलं.

“तरस,” ती म्हणाली. आणि मग, माझा चेहरा पाहून, “ताई, मी फरी आहे.”

हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तिने थोडक्यात सांगितलं. काही लोक स्वतःसाठी एक प्राणी निवडतात, माणसासारखं बोलणारा-चालणारा. त्याचं नाव, स्वभाव, चित्रं, सगळं रचतात. कुणी नुसतं चित्रांवर थांबतं, कुणी सूट शिवून घालतं. जगभर आहेत, पुण्यातही आहेत. मी ‘अच्छा’ म्हटलं, कपडे पलंगावर ठेवले आणि बाहेर येऊन मोबाइलवर शोधलं. ते शोधायला नको होतं. लोकांनी काय काय लिहिलं होतं! वेडे, विकृत, आणि त्याहून वाईट. मी हॉलमध्ये गादी घालून झोपायचे. त्या दिवसापासून आमच्यामधल्या दाराकडे माझं लक्ष जायला लागलं. बाहेर पोलीस, आत ही. जाणार कुठे?

दोन-तीन दिवस मी तिच्याशी तुटक बोलले. तिच्या ते लक्षात आलं. पोळ्या लाटता लाटता तीच म्हणाली, “वाचलंस ना सगळं?”

“वाचलं.”

“मग विचार की.”

मी विचारलं. जे वाचलं होतं ते, लाज बाजूला ठेवून.

“तसलेही असतात काही,” ती म्हणाली. “क्रिकेटच्या क्लबमध्येही असतात. म्हणून तू क्रिकेट बघायचं सोडतेस का?” पोळी उलटून तिने तव्यावर दाबली. “शाळेत मला तरस म्हणायचे. मान पुढे, पाठीत पोक, हसले की आवाज मोठा. सहावीपासून बारावीपर्यंत. मग मी ठरवलं, बरं, तरस तर तरस. पण कसं तरस ते मी ठरवणार.”

तिचं तरस उंच होतं, गळ्यात हिरवा मफलर, आणि फार विनोदी होतं म्हणे. ती स्वतः घरात जेमतेम बोलायची. पण रविवारी तिच्या फरी ग्रुपचा व्हिडिओ कॉल असला की दारामागून तिचं हसू ऐकू यायचं. खरोखरच मोठं होतं.

त्यानंतर आमच्या वरच्या मजल्यावर कोरोनाचा पेशंट निघाला आणि इमारतीला पत्रे लागले. बांबू रोवून, फाटकावर आडवे पत्रे ठोकून, रस्ता बंद. गॅलरीतून खाली पाहिलं की पत्र्याची पाठ दिसायची आणि त्यापलीकडे रिकामा रस्ता, आणि दूर नवीन इमारतींच्या मधे अजून शिल्लक राहिलेला ऊस. भाजी दोरीने वर यायची. घरमालक काका तळमजल्यावर राहायचे. ही जमीन पूर्वी त्यांची, उसाचीच. त्यामुळे इमारतीतलं सगळंच त्यांना आपल्या रानातलं वाटायचं.

“ओ म्याडम,” त्यांनी खालून हाक मारली, “ते कुत्र्याचं मुंडकं कशाला वाळत घातलंय गॅलरीत?”

“कुत्रा नाही काका, तरस आहे.”

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं. “तरस? मग बराबर हाय. कान तसंच हायती. आमच्या मळ्यात यायचं पूर्वी, नदीकडनं. हसतंय म्हणायची म्हातारी माणसं.” आणि आत जाता जाता, “पर आत घ्या ते. वरचे देशपांडे-बिशपांडे कुणी बघितलं तर माझ्या डोक्याला ताप.”

वर कुणी देशपांडे नव्हते. तक्रार करणाऱ्या सगळ्यांना ते देशपांडेच म्हणायचे.

फोन वाढत चालले होते. एका दुपारी विदर्भातल्या एका गृहस्थाचा फोन आला. बायको गेली होती. त्यांना दवाखान्यात आत जाऊ दिलं नव्हतं, नंतरही नाही. मी ठरलेली वाक्यं म्हटली. ते म्हणाले, “बाई, तुम्ही हे दिवसातून किती जणांना म्हणता?” त्यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कागदपत्रांची यादी सांगितली, फोन ठेवला, आणि पुढचा घ्यायला गेले तर बोट हलेना. ठिपका पिवळा झाला. मेसेज आला. मी बसून राहिले. भिंत तोंडावर येतेय असं वाटायला लागलं, छातीत श्वास पुरेना.

ती पाणी प्यायला बाहेर आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि ते डोकं घेऊन आली. तोवर पूर्ण झालं होतं. पट्टे, मिशा, सगळं. “घालून बघ,” ती म्हणाली. “मला जेव्हा असं होतं ना, तेव्हा मी आत जाऊन बसते. आत कुणी सापडत नाही.”

मी घातलं. तिच्या चांगुलपणासाठी घातलं. आत फोमचा आणि गोंदाचा वास. डोळ्यांच्या जाळीतून बशीएवढं जग दिसत होतं. माझाच श्वास परत माझ्या तोंडावर येत होता, गरम. घराला कुलूप, इमारतीला पत्रे, आणि आता डोक्यालाही. मी दोन्ही हातांनी ओढून ते काढलं, इतक्या जोरात की एक कान उसवला.

“सॉरी,” मी म्हणाले. धापा टाकत होते. “तुला याच्यात बरं कसं वाटतं?”

तिने कान चाचपून पाहिला. “मला बाहेर असं होतं,” ती म्हणाली. “तुला आत्ता आत झालं ना, तसं. लोकांसमोर गेलं की होतं. रोज.”

मग ती सुईदोरा घेऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि कान शिवायला लागली. माझा ठिपका लाल झाला तरी मी उठले नाही. तिला मी त्या दुपारी समजले का, माहीत नाही. मला ती थोडी समजली. तिची गोष्ट मला कधी आवडणार नव्हती, हेही समजलं, आणि त्याने काही बिघडत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तिला ताप आला. तिची टेस्ट पॉझिटिव्ह, माझी निगेटिव्ह. घरीच राहायची परवानगी मिळाली, कारण दोन खोल्या होत्या. ती बेडरूममध्ये, मी हॉलमध्ये. दाराशी ताट ठेवायचं, दोनदा टकटक करायचं आणि मागे सरकायचं. अमरावतीला तिची आई फोनवर रडायची. मी तिलाही ठरलेल्यासारखंच काहीतरी बोलायचे. रजा मागितली तर साहेब म्हणाले, “तुम्ही तर घरीच आहात ना?”

म्हणून मी फोन घेत राहिले. इकडे कानात वारलेल्या माणसांची नावं, जन्मतारखा. तिकडे भिंतीपलीकडे तिचा खोकला. लातूरकडच्या एक बाई दाव्याची चौकशी करता करता मधेच थांबल्या. “तुमच्या घरी कोण खोकतंय का हो?”

“हो,” मी म्हटलं. असं सांगायची परवानगी नव्हती.

“माझं जाऊ द्या उद्यावर. तुम्ही जावा त्यांच्यापाशी,” त्या म्हणाल्या आणि त्यांनीच फोन ठेवला.

पाशी जाता येत नव्हतं, हाच तर प्रश्न होता. आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. मी सगळ्या ओळखीच्यांना फोन केले. तिने दाराआडून सांगितलं, “ताई, मी ग्रुपवर टाकलंय. मुंगूस आणतोय.”

तापात बरळतेय असं वाटून मी घाबरले.

दुपारी काकांची हाक आली. खाली गेले तर पत्र्यांच्या फटीतून पलीकडे स्कूटर दिसली आणि स्कूटरजवळ एक पन्नाशीचे गृहस्थ. टक्कल, इस्त्रीचा शर्ट, मास्कवर चष्मा, हातात कापडी पिशवी. वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात म्हणाले. मोठा रस्ता अडवलेला, म्हणून केसनंदकडून नदी ओलांडून आले होते.

“आपण तिच्या कोण?” त्यांनी विचारलं.

“आम्ही एकत्र राहतो. आणि आपण?”

“मी मुंगूस,” ते म्हणाले. वार बुधवार आहे, असं सांगावं तसं. “यंत्र आहे, दोन शहाळी आहेत, आणि मुगाची खिचडी. खिचडी बायकोने केली आहे. तिच्या हातून मीठ कमी पडतं, ते आपण पाहून घ्या.”

“घरी माहीत आहे?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“कॉलेजात नाही, घरी आहे. बायको म्हणाली, दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, मग व्हा मुंगूस.”

काकांनी एक पत्रा खालून सैल केला आणि पिशवी आत घेतली. “मी काय बघितलं न्हाई,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तो पत्रा सैलच राहिला आणि मुंगूस एक दिवसाआड येत राहिले.

आणि ग्रुपने पाळ्या लावून घेतल्या. कोचीचं एक अस्वल, गुवाहाटीची एक मांजर, नागपूरचा कुणीतरी लांडगा. कुणीतरी सतत तिच्या मोबाइलवर असायचं. बोटावरचा आकडा तिने वाचायचा, त्यांनी लिहून घ्यायचा, मला मेसेज करायचा. ती बोलू शकत नसली की ते आपापसात बोलत बसायचे, तिला ऐकू यावं म्हणून. अस्वलाचे विनोद फार वाईट होते. मी हॉलमध्ये लोकांकडून मृत्यूचे दाखले मागायचे आणि दारामागून अस्वल दुसऱ्यांदा तोच विनोद सांगायचं. यांना मी विकृत समजले होते. त्यातल्या एकाचाही खरा चेहरा मी पाहिला नव्हता, मुंगुसाचं टक्कल सोडून.

एका दिवशी आकडा घसरला. मुंगूस आणि काका दोघं मिळून रुग्णवाहिकेसाठी फोन लावत राहिले, एक पत्र्याच्या आत, एक बाहेर. मी दारापाशी बसून तिला पालथं झोपायला सांगत होते. संध्याकाळपर्यंत आकडा पुन्हा चढला. रुग्णवाहिका आली नाही, आणि तिची गरज राहिली नाही. काका पायरीवर बसून म्हणाले, “वाचलं आपलं तरस.”

ती बरी झाली, पण अशक्तपणा महिनाभर राहिला. पत्रे निघाले त्या दिवशी आम्ही दोघी खाली जाऊन नुसत्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. पुढे कुठे जायचं ते सुचेना.

नंतरच्या वर्षी, सगळं थोडं निवळल्यावर, वाघोलीला एका सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं संमेलन झालं. दहा-बारा जण असतील. सूट घातलेल्या माणसाला नीट दिसत नाही, उकाड्याने चक्कर येते, म्हणून प्रत्येकाबरोबर एक साधा माणूस लागतो: हात धरायला, स्ट्रॉने पाणी पाजायला. ती म्हणाली, “ताई, माझ्यासाठी येशील?” मी गेले. पायऱ्या उतरताना तिचा पंजा माझ्या हातात होता. आणि मग तरस नाचलं. पोक काढून, मान पुढे टाकून, अगदी जसं चालू नये म्हणून तिला शाळेत शिकवलं होतं तसं. मुंगूस डोकं काढून खुर्चीवर घाम पुसत होते. “आपलं काही ठरलं का? कोण होणार?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. मला आत गुदमरतं.”

“उत्तम,” ते म्हणाले. “पंखा जरा इकडे फिरवता का?”

पावसाळ्यानंतर तिला बंगळुरूला नोकरी लागली आणि ती गेली. आमच्या कंपनीने त्याच सुमाराला कायमचं घरून काम जाहीर केलं. सगळे अभिनंदन करत होते, पेट्रोल वाचेल म्हणत होते. मी मात्र शाखेत बदली मागितली, जिथे लोक समोर येऊन बसतात. साहेबांना वाटलं मला वेड लागलंय. बरेच महिने काही झालं नाही. त्या दोन खोल्यांत मी एकटीच होते आणि ते दिवस आधीपेक्षा जड गेले, हे खरं. शेवटी स्वारगेटजवळची जागा मिळाली. आता रोज बसने जाते. हडपसरच्या गाडीतळावरून बस भरूनच निघते, बहुतेक वेळा उभ्यानेच जावं लागतं, आणि सगळ्यांसारखी मीही कंडक्टरशी भांडते.