सूज की बाळसं

आमची पोर जन्मली तीच काडी. काळजाला भोक होतं. दूध ओढताना घामाघूम व्हायची, चार महिन्यांची झाली तरी बरगड्या दिसत होत्या. भेटायला येणारं कुणी "बाळसं न्हाय धरलं अजून?" म्हणालं की माझं डोकंच फिरायचं. कोडोलीहून सासूबाई यायच्या, त्यांना मी आत्ती म्हणते. त्या एकट्याच हे कधी विचारायच्या नाहीत.

ऑपरेशन कोल्हापुरातच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला दोन मिनिटं आत सोडलं. नळ्याच नळ्या, आणि मध्ये माझी पोर. गाल गोल गरगरीत! मनगटाला वळ्या! मी पळतच बाहेर आले आणि फोन लावला. "आत्ती, पोरीनं बाळसं धरलं की हो! एका रात्रीत!"

त्या म्हणाल्या, "तोंडानं बोलू नगंस बाई, दिष्ट लागंल."

डॉक्टर आले तेव्हा मी त्यांनाही तेच सांगितलं, हसत हसत. त्यांनी मला परत आत नेलं. पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा तिथंच राहिला.

"ताई, ही सूज आहे."

ऑपरेशनसाठी काळीज थांबवून तिचं रक्त मशीनमधून फिरवलं होतं. रक्त परक्या नळ्यांना लागलं, अंगाला वाटलं वैरी शिरला, आणि सगळं अंग पेटून उठलं. आता रक्तातलं पाणी बाहेर झिरपत होतं. किती वाढेल, फुप्फुसं टिकतील का, सांगता येत नव्हतं. लघवी मोकळी झाली तर पोर वाचेल, एवढंच मला कळलं.

"पण वैरी कुठाय?"

"नाहीच."

"मग ते भांडतंय कुणाशी?"

"स्वतःशीच."

"अहो, भोक बुजवलं की तुम्ही! हे भल्यासाठी केलंय, एवढं कळत न्हाय व्हय तिच्या अंगाला?"

चिडावं तरी कुणावर? मशीनवर? पोरीवर? मी बी.एस्सी. झालेली बाई, दृष्टबिष्ट मानत नाही, तरी बाळसं म्हणाले म्हणून स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. खरं काय ते आत्तींना सांगायचं धाडस दोन दिवस झालं नाही.

तिसऱ्या दुपारी सिस्टर दार ढकलून ओरडल्या, "ताई, पिशवी भरली!" लघवीची पिशवी. मी तिथंच फरशीवर बसून रडले. दुसऱ्या दिवशी गाल उतरले, बरगड्या परत दिसल्या.

"आत्ती, ते बाळसं नव्हतं, सूज होती! उतरली! पोर परत काडी झाली!" मी आनंदानं किंचाळत होते. येणारे-जाणारे बघत होते, बाई खुळी झाली काय.

"ठावं हाय मला," आत्ती म्हणाल्या. "एका रातीत कुठं बाळसं धरतंय व्हय?"

"मग तवा का बोलला न्हाईसा?"

"चार म्हैन्यांत पयल्यांदा हसलीतीस की गं."

पोर आता तीन वर्षांची आहे. शेजारीण म्हणते, "केवढी गुबगुबीत झालीया!" मी हसते, पोरीला मांडीवर ओढते आणि गुपचूप नडगीवर अंगठा दाबते.

"आई, दुखतंय की!" ती लाथ झाडते.

खड्डा राहत नाही. तरी मी दुसरा पायही बघते.