अंबूबाईचा नवा गुडघा

उंब्रजच्या अंबूबाईला 'गप बसून राहा' म्हणणं म्हणजे तिला शिवी घालणंच. सत्त्याहत्तर साली घरादारानं तिला नेमकं तेच सांगितलं, आणि बाई पेटली.

गुडघ्यानं तिला दोन वर्षं छळलं होतं. शेवटी मिरजेला, विलायतेहून शिकून आलेल्या एका डॉक्टरनं तो उघडला, झिजलेली एक बाजू काढून तिथं धातूची बसवली, चांगली बाजू तशीच ठेवली. निघताना बजावलं, "आजी, उकिडवं बसायचं नाही. पण गुडघा रोज वाकवायचा. दुखलं तरी वाकवायचा, नाहीतर आखडून बसेल."

तिचा लेक आकाराम शेजारीच उभा होता. पण त्याच्या डोक्यात तो धातूच शिरला. वाकवलं तर आतला तुकडा निसटंल, या धास्तीनं घरी आल्या आल्या त्यानं आईचा पाय धोतरानं फळीला बांधून टाकला. मायेनंच बांधला हो, पण बांधला! वर चंद्री म्हैस विकायला काढली. चंद्री अंबूबाईलाच पान्हा सोडायची. इतरांना कशीबशी अर्धी चरवी, वर लाथ. आणि आई आता उकिडवी बसणार न्हाई, मग धार काढणार कोण?

"चंद्री गेली तर माझं ह्या घरात काय उरलं रं?" म्हातारी ढसाढसा रडली. मग नाक पुसलं.

आकाराम रानात गेला की ती गाठ सोडायची, काठी टेकत गोठा गाठायची. गव्हाणीच्या कडेवर बसून टाच मागं मागं सरकवायची. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. "वाक की मुडद्या!" टाच अडली तिथं जमिनीवर कोळशाची रेघ. दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटभर मागं. एकदा गुडघा असा सुजला की चार दिवस गोठा बंद. पाचव्या दिवशी बाई पुन्हा हजर. आकाराम परतायच्या आत पाय फळीला बांधलेला असायचा.

दीड महिन्यानं तासगावचा गुंडा नावाचा व्यापारी म्हैस बघायला आला. "डोळ्यांदेखत धार काढा, मग बोलू," म्हणाला. रीतच ती. आकाराम बसला, चंद्रीनं लाथ झाडली, चरवी गडगडत दाराशी.

दारात अंबूबाई. एका हातात काठी, काखेत सत्यनारायणाचा चौरंग.

"आये! पाय कुणी सोडला? आन् देवाचा चौरंग गोठ्यात?"

"देवाचं गुडगं दुखत न्हाईत. बसंल त्यो खाली."

चौरंग मांडून ती टेकली. कळ मस्तकात गेली, तिनं ओठ चावला, पण गुडघा वाकला. चंद्रीनं मान वळवून तिला हुंगलं आणि पान्हा सोडला. चरवी काठोकाठ फेसाळली.

"लय झ्याक!" गुंडानं दाव्याला हात घातला. "कवा न्यायची?"

"कवाच न्हाई."

"आवं, मग दूध कशापायी दावलं?"

"तुला न्हाई रं बाबा. ह्येला गुडगा दावला."

आकाराम खाली मान घालून चरवी उचलायला वाकला. काठी टेकून उठता उठता ती म्हणाली, "चौरंग हितंच ऱ्हाऊ दे. सांजच्या धारंला लागंल."