अण्णांनी न दाबलेलं बटण

हे मी आईला सांगितलेलं नाही. रूममेटला नाही. झोपेत मी काय बडबडतो हेसुद्धा जिला माहीत आहे, तिलाही नाही. तुला का सांगतोय? तू आत्ता माझ्या तोंडाकडे बघत नाहीयेस, एवढंच कारण असेल.

आधी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी नकलाकार. नोकरी सॉफ्टवेअरची, पण मूळ धंदा नकलांचा. निपाणीकडचा मी. सातवीत हेडसरांची नक्कल रंगात आली होती आणि हेडसर माझ्या मागेच उभे होते. पोरं हसायची थांबली तरी मला पत्ता नाही, मी आपला चालूच. मार खाल्ला. पण दुसऱ्या दिवशी सरांनीच स्टाफरूममध्ये बोलावलं आणि म्हणाले, "आता कानडीच्या बाईंची करून दाखव." तेव्हापासून डोक्यात एक बसलंय — लोक हसले म्हणजे विषय संपला. ते किती महागात पडलं ते सांगतो. म्हणजे मला नाही पडलं. तोच तर मुद्दा आहे.

बंगळूरला महादेवपुऱ्यात एका कंपनीत लागलो. दवाखान्यांचे, लॅबचे मोठे फ्रीज, लसी ठेवायच्या कोल्ड रूम — त्यांची दुरुस्ती करणारी कंपनी. टेक्निशियन कर्नाटकभर फिरतात. कुठं अडलं की एका नंबरवर मेसेज टाकायचा आणि त्या नंबरवर श्रीपादअण्णा बसलेले. पस्तीस वर्षं तेच काम. आधी फोनवर, मग मेसेजवर. कुठल्या मशीनला कुठला स्क्रू, कुठल्या दवाखान्यात लाईट कधी जाते — सगळं तोंडपाठ.

अण्णा मराठी, पण त्यांचं घराणं इथं कधी आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्यांची मराठी ऐकायला पाहिजे होतीस तू. "स्वल्प बाजूला सरक की राजा, उजेड अडवलास. सरी?" 'सरी' म्हणजे कानडीत 'ठीक'. मी ती बोली पहिल्याच आठवड्यात उचलली. आणि कुणाचाही फोन येवो, कितीही घाईचा, अण्णा आधी कानडीत विचारणार — "ऊटा आयता?" जेवण झालं का? तिकडं मशीन जळतंय आणि हे विचारतायत जेवलास का! मी त्यांना एकदा विचारलंपण, असं का. म्हणाले, "उपाशी माणूस ऐकत नाही रे. नुसता हो हो म्हणतो."

मला काम मिळालं ते एजंट बनवायचं. एजंट म्हणजे काय — कंपनीचे सगळे कागद, मॅन्युअल, सर्क्युलर त्याला वाचायला द्यायचे. कुणी प्रश्न विचारला की त्यानं त्यातली नेमकी पानं शोधायची आणि उत्तर लिहायचं. एक नियम मात्र पहिल्या दिवशीच ठरलेला. एजंट नुसता मसुदा लिहील. तो अण्णांच्या स्क्रीनवर येईल, अण्णा वाचतील, 'पाठवा' बटण दाबतील, तेव्हाच तो टेक्निशियनला जाईल. नंबर तोच, जुना. टेक्निशियन लोकांना सांगायचं नाही, म्हणजे ते नेहमीसारखे प्रश्न विचारतील. ही आयडिया माझी.

सुरुवातीला एजंट बँकेसारखा लिहायचा. 'आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद' वगैरे. टेक्निशियन घाबरून अण्णांना फोन करायला लागले, "अण्णा, बरं आहे ना? तब्येत?" मग मी काय केलं असेल? तुझ्या लक्षात आलंच असेल. मी एजंटला अण्णांची नक्कल शिकवली. त्यांचे दोन वर्षांचे मेसेज घातले. 'राजा' घातलं, 'सरी' घातलं, दुपारी बारानंतर 'ऊटा आयता?' घातलं. अण्णांनी पहिला मसुदा वाचला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अरे, हा तर मीच की!" घरी जाऊन काकूंनाही दाखवला. आयुष्यात केलेली माझी सगळ्यात भारी नक्कल होती ती. तोंड न उघडता केलेली.

आता ते सर्क्युलरचं. कंपनीची जुनी सर्क्युलर कागदावर. एखादं रद्द झालं की अण्णा त्यावर लाल पेनानं तिरपी रेघ मारायचे, कोपऱ्यात सही. पस्तीस वर्षं हीच पद्धत. मला गठ्ठा देताना म्हणालेसुद्धा, "लाल रेघवाले आधी बाजूला काढ हं, मशीनला रेघ कळायची नाही." मी म्हटलं, हो अण्णा. आणि सगळा गठ्ठा तसाच स्कॅनरमध्ये घातला. नंतर काढू म्हटलं. रेघेखालची अक्षरं एजंटला व्यवस्थित वाचता येत होती. रेघ म्हणजे काय ते त्याला कोण सांगणार?

अजून कबुलीपर्यंत आलेलो नाही मी. माहीत आहे. येतोय.

डेमो जवळ आला. वरचे लोक बघणार होते, उत्तर किती वेळात जातं. एजंट मसुदा लिहायचा काही सेकंदांत, आणि अण्णा तो वाचायचे दोनदा. चष्मा लावून, स्क्रीनवर बोट फिरवत. मध्ये कॉफीला जायचे. माझा आकडा वाईट दिसत होता. म्हणून डेमोच्या तीन दिवस आधी मी एजंटच्या कोडमधली एक ओळ बदलली. एजंटला ज्या उत्तराची खात्री वाटेल, ते अण्णांकडे न जाता थेट जाईल. कुणाला सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. ते संध्याकाळी म्हणाले, "आज प्रश्न कमी आले रे. पोरं शहाणी झाली वाटतं." मी हसलो.

दुसऱ्या दिवशी मंजुनाथचा मेसेज आला. मंजुनाथ हासनकडचा टेक्निशियन, नवीन पोरगा, जपून काम करणारा. एका दवाखान्याच्या कोल्ड रूमच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल कमी झालं होतं. त्याच्या पिशवीत जुन्या प्रकारच्या तेलाचा डबा होता. चालेल का, असं विचारलं त्यानं. नव्या मशीनला ते तेल अजिबात चालत नाही, तसं सर्क्युलर आहे. पण जुनंही आहे, लाल रेघवालं, आणि त्यात लिहिलंय की चालतं. एजंटनं जुनं उचललं. त्याला पूर्ण खात्री होती. उत्तर कानडीत गेलं. मराठीत सांगायचं तर असं — "ऊटा आयता? चालतं राजा, तेच घाल. हळू घाल, घाई नको. सरी?"

कॉम्प्रेसर दोन दिवसांत जाम झाला. आतल्या लसी टाकून द्याव्या लागल्या. लहान पोरांना घेऊन आलेल्या बायका परत गेल्या — काही लांबच्या वाड्यांवरून आलेल्या.

बातमी आली तेव्हा सगळ्यात आधी मी बघितलं. कुणी विचारायच्या आत. नोंद स्पष्ट होती. प्रश्न, उत्तर, कुठलं सर्क्युलर, आणि शेवटी — मंजुरी: आपोआप. मी जुनं सर्क्युलर काढून टाकलं. ती एक ओळ परत पहिल्यासारखी केली. कॉफी थंड व्हायलाही जास्त वेळ लागतो. मनात म्हटलं, दुरुस्ती केली. दुरुस्तीच होती का ती?

मीटिंग झाली. आमच्या मॅनेजर लता मॅडम, मंजुनाथ, अण्णा आणि मी. मंजुनाथ बिचारा रडकुंडीला आलेला. "अण्णांनीच सांगितलं मॅडम," म्हणाला आणि फोन पुढं केला. मॅडमनी तो अण्णांसमोर ठेवला. अण्णांनी चष्मा लावला. बोट फिरवत एकदा वाचलं. परत वाचलं.

"माझंच आहे हे," ते म्हणाले. "मी असंच लिहितो."

"पण तुम्ही दाबलेलं आठवतंय का अण्णा?"

"नाही आठवत. तेच तर म्हणतोय मी."

त्यांचा चेहरा — मी शेकड्यांनी चेहरे उचललेत, तो मला करता येणार नाही. ते मेसेजकडे असे बघत होते जसं कुणीतरी त्यांच्या घरात राहून गेलंय आणि त्यांना आत्ता कळतंय.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "अण्णांच्या ओकेशिवाय तुझ्या सिस्टीममधून काही बाहेर जाऊ शकतं का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम."

झालं. दोन शब्द. आवाजही कापला नाही.

अण्णांना कुणी रागावलं नाही, हे तुला सांगायला पाहिजे. मॅडम फार नीट बोलल्या त्यांच्याशी. त्या महिन्यात अण्णा रिटायर होणार होते, पण त्यांना अजून दोन वर्षं ठेवायचं कंपनीनं ठरवलेलं. पत्र तयार होतं. अण्णांनी ते वाचून परत दिलं. "नको मॅडम. आज लसी गेल्या. उद्या आणि काही जाईल." मंजुनाथला स्वतः फोन करून माफी मागितली त्यांनी. मी शेजारच्या खुर्चीत होतो. फोनवर आधी त्याला काय विचारलं असेल, तुला माहीत आहे.

निरोपाच्या कार्यक्रमात पोरं ओरडायला लागली, अण्णांची नक्कल, अण्णांची नक्कल! मी केली. सगळे हसले. अण्णाही. टाळ्या वाजवताना माझ्याकडे बघत होते.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. गप्प बसणं जमतं माणसाला. मीटिंगमध्ये खोटं बोलणंही — चार लोक समोर, नोकरी नवी, घाबरलो, असं स्वतःला सांगून झोप लागते. मला लागायची. पण त्यानंतर एक दिवस आहे.

जे. पी. नगरला अण्णांच्या घरी गेलो होतो. रविवार होता, सकाळची वेळ. ऑफिसात राहिलेली त्यांची पुस्तकं द्यायची होती. काकूंनी उप्पिट्टू केलं, वर लिंबू पिळून दिलं. अण्णांच्या खिशात छोटी वही होती. मी काय बोलतोय ते मध्येच त्यात लिहून घेत होते. गावाकडं आई कशी आहे, सर्जापूर रोडला भाडं किती वाढलं — असलंही. काकू आत गेल्या तसे ते पुढं वाकले.

"एक विचारू? खरं सांग. तो मेसेज. तुझ्याकडे सगळं दिसतं ना कॉम्प्युटरमध्ये, कुणी दाबलं, कधी दाबलं?"

दिसतं, म्हटलं.

"मग मीच दाबला होता ना?"

त्यांनी हे आरोप करायला विचारलं नव्हतं, बघ. त्यांच्या मनात माझ्याबद्दल संशय नव्हता. त्यांना नुसतं स्वतःबद्दल खात्रीनं काहीतरी हवं होतं, आणि ते देऊ शकणारा जगात मी एकटा होतो. खोलीत आम्ही दोघंच. मॅडम नाहीत, कंपनी नाही. मी 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी मला फार तर एक शिवी दिली असती. कदाचित मिठीही मारली असती. मला ते तेव्हाही कळत होतं. हे नीट ऐक — कळत होतं.

मी म्हटलं, "हो अण्णा. तुम्हीच दाबलाय. दिसतंय तसं. होतं असं, वयानं."

आणि त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

"सरी," ते म्हणाले. वही काढली, काहीतरी लिहिलं, परत खिशात ठेवली. मग आत आवाज देऊन काकूंना सांगितलं, पोराला आणखी उप्पिट्टू वाढ. मी खाल्लं. दुसऱ्यांदा मागूनही घेतलं.

त्या वेळी मी असं का म्हणालो, ते मी इथं लिहिलं होतं. चांगला मोठा परिच्छेद होता. वाचायला बरा वाटत होता, म्हणून खोडला.

त्यांची मुलगी कधीमधी मला मेसेज करते. अण्णांनी स्कूटर विकली. डॉक्टरकडे दोनदा नेलं, सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. अण्णांना वाटतं डॉक्टरला सापडत नाहीये. बँकेत एकटे जात नाहीत. कुणी टेक्निशियननं जुन्या सवयीनं फोन केलाच तर म्हणतात, मला विचारू नको, ऑफिसात विचार. गेल्या आठवड्यात तिनं लिहिलं, आई बाहेर गेली की बाबा चहासुद्धा करून घेत नाहीत, ती येईपर्यंत तसेच बसून राहतात. गॅस चालू राहील म्हणतात.

गॅस चालू राहणार नाही. त्यांच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. ते बटण त्यांनी दाबलंच नव्हतं, मग त्यांना आठवणार कुठून? त्यांना बरोबर आठवत होतं.