व्याह्यांच्या पिशव्या

आता चहा हातात आहेच तर आधी तो घोट नीट गिळा, मग ऐका. मागे एका मैत्रिणीला हेच सांगत होते, तर तिच्या नाकातून चहा आला आणि वर मलाच बोलणी बसली.

माझ्या भाचीचं, स्नेहलचं लग्न होतं. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण विमलताई. ती पनवेलजवळ विचुंब्याला राहते, मी सुकापूरला. नवरा मुलगा अनिकेत परभणीचा. म्हणजे सगळं वऱ्हाड रात्रभर बसमध्ये अवघडून सकाळी इथे उतरणार. मी म्हटलं, "ताई, एवढ्या लांबून माणसं येणार. उतरल्या उतरल्या त्यांच्या हातात आपल्याकडचा खाऊ पडला पाहिजे. स्वागताचं माझ्याकडे लागलं!"

ताई म्हणाली, "तुज्याकडं? नको गो बाय!"

का म्हणाली असेल? आता लपवण्यात काय अर्थ आहे! साखरपुड्याला भाताच्या टोपाजवळ एक गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा. मी गेले आणि म्हटलं, "अहो, इथे काय उभे राहिलात? तिकडे पंगतीत मठ्ठा संपलाय!" बिचाऱ्यांनी निमूटपणे बादली उचलली आणि दोन पंगतींना मठ्ठा वाढला. नंतर कळलं, ते अनिकेतचे सख्खे काका. घरातले कर्ते पुरुष! त्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलत नाही, आणि मी त्यांना बादली धरायला लावली होती.

शेवटी मी रुसले, तेव्हा कुठे ताई तयार झाली. पण अट घातली. "या टायमाला कुणाला कायपन विचारायचा नाय. कोन तुमी, कुठले तुमी, कायच नाय. बसमधून जो उतरंल त्याला ओवाळायचा न पिशवी द्यायची. माज्या पोरीच्या सासरचा मामला हाय, परत काय झाला तर मी तुजं तोंड बगनार नाय."

आणि शेवटचं वाक्य ती गमतीत म्हणाली नव्हती हो. डोळ्यात पाणी होतं तिच्या.

मग काय, मी जीव ओतला! हिरव्या कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या. आत ओल्या नारळाच्या करंज्या, तांदळाचे पापड, आमसुलं आणि आपले कडवे वाल. आमच्या ह्यांनी हळूच सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची पुडी सरकवली होती, ती मी वासावरून पकडली. विहीणबाई शुद्ध शाकाहारी! दारातच सोयरीक मोडायची होती का? प्रत्येक पिशवीला सोनेरी चिठ्ठी लावली: स्नेहल, अनिकेत.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून लॉनच्या दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी. विचुंब्यात आता एक लॉन, एक टॉवर, एक लॉन, एक टॉवर असंच चाललंय. आमच्या लॉनला खेटूनही एक नवा टॉवर उभा राहत होता. त्याच्याकडे बघायला मला वेळ कुठे होता?

तेवढ्यात बस आली. पुढे झेंडूची माळ! मी ताट सावरलं. माणसं उतरली ती कशी? कपड्यांना इस्त्री, केसांना तेल, चेहरे टवटवीत. परभणीहून रात्रभर प्रवास करून! मला तर कौतुकच वाटलं. मराठवाड्याची माणसं काटक असतात, असं मी शेजारणीला सांगितलंसुद्धा.

पहिले उतरले ते गॉगल लावलेले गृहस्थ. मी ओवाळलं, कुंकू लावलं, हातात पिशवी दिली. ते खूश! मागच्या बाईंना म्हणाले, "बघ, याला म्हणतात सर्व्हिस. कळंबोलीवाल्याने साधं पाणी विचारलं नव्हतं."

मला वाटलं, चहासाठी थांबले असतील कळंबोलीला.

त्यांनी चिठ्ठी वाचली. "स्नेहल, अनिकेत. नावं छान आहेत हो. दोघांची तोंडं पूर्वेकडे आहेत का?"

"हो तर! गुरुजींनी तसंच सांगितलंय."

"वा! आणि पाण्याचं कसं?"

"काही काळजी करू नका. मी स्वतः टँकर सांगितलाय!"

त्यांचा चेहरा पडला. "टँकर? आत्ताच टँकर?" म्हणाले आणि बायकोकडे बघितलं. टँकरमध्ये काय वावगं, हे मी विचारणारच होते. पण ताईची अट! काही विचारायचं नाही. मी दात दाखवत उभी.

सगळ्यांना पिशव्या वाटून झाल्या. पोरं तर तिथेच करंज्या खायला लागली. मी म्हटलं, "आता आरामात बसा. कायमचं नातं जुळलंय आपलं."

गॉगलवाले हसले. "अहो, इतक्यात कुठे? अजून आमचं काही ठरलं नाहीये. तिकडे कोन गावातही एक बघून ठेवलंय. तुमचं पसंत पडलं तर तुमचं, नाहीतर ते."

मुलीला हळद लागली, हातावर मेंदी रंगली, आणि ह्यांनी कोनला दुसरं स्थळ बघून ठेवलंय?

"असं... असं कसं म्हणता?"

"म्हणजे काय, व्यवहार आहे. फोनवर तुमच्या माणसाने एसी आणि मॉड्युलर किचन द्यायचं कबूल केलंय. ते देणार ना? आणि गाडीचं काय करताय?"

झालं! इतका वेळ दाबून ठेवलेलं माझं तोंड सुटलं. आणि ते सुटलं की कसं सुटतं, हे तुम्हाला सांगायला नको.

"लाज नाही वाटत? कुंकू लावून घेतलंत, करंज्या खाल्ल्यात आणि आता हुंडा मागता? एसी पाहिजे, गाडी पाहिजे! आमची पोरगी काय रस्त्यावर पडलीय? मावशी आहे मी तिची! चढा बसमध्ये! मोडलं हे लग्न!"

सनईवाला वाजवायचा थांबला. गॉगलवाल्यांनी गॉगल काढला. त्यांच्या बायकोने तोंडाकडे नेलेली करंजी परत पिशवीत ठेवली.

"कुणाचं लग्न?" ते म्हणाले.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून ताई शालू सावरत धावत आली. "काय झाला गो? कोन हायत हे?"

"कोण म्हणजे? तुझे व्याही!"

"हे? यांना तर मी जल्मात बगितलेला नाय!"

मी खाली बघितलं. जमीन होती तिथेच होती, दुभंगायचं काही नाव घेत नव्हती. तोवर शेजारच्या टॉवरमधून टाय लावलेला एक मुलगा हातात माहितीपत्रकं घेऊन पळत आला. "डोंबिवलीची पार्टी ना? सर, इकडे! सॅम्पल फ्लॅट पलीकडे आहे!"

फ्लॅट बघायला आलेली माणसं हो! बिल्डरने फुकट बस दिली होती, नाश्ता कबूल केला होता. त्यांना वाटलं, औक्षण त्यातलंच. आणि स्नेहल, अनिकेत ही त्यांना दोन विंगांची नावं वाटली.

मी काही बोलणार, तोच दुसरी बस आली. तिलाही झेंडूची माळ! माणसं उतरत होती ती चुरगळलेली, डोळे तांबारलेले, मानेला हात लावलेली. पण मी आता फसणार होते का? ताट पाठीमागे लपवलं आणि पहिल्या उतरणाऱ्यालाच दारात अडवलं.

"थांबा! आधी सांगा. लग्न की फ्लॅट?"

पांढरा सदरा. पांढरा पायजमा. खांद्यावर पंचा.

काकांनी मला ओळखलं. ताईने डोळे मिटून घेतले. काका शांतपणे म्हणाले, "तुम्हीच ठरवा, मावशीबाई. मागं मठ्ठा वाढ म्हणलात, वाढला. आज फ्लॅट घे म्हणलात तर तोबी घेतो."

आणि मग जे हसले म्हणता! त्यांचं बघून अख्खी बस हसली, डोंबिवली हसली, ताईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मला मात्र रडूच फुटलं. गॉगलवाल्यांच्या बायकोने मोठ्या मनाने आपली पिशवी पुढे केली, मग बाकीच्यांनीही केल्या. डोंबिवलीकरांनी रांगेत उभं राहून परभणीकरांना "या, या" करत पिशव्या दिल्या. करंज्या थोड्या कमी भरल्या असतील, पण असं स्वागत पनवेल तालुक्यात कुणाचं झालं नसेल! ताईने त्या सगळ्यांना जेवायला ठेवून घेतलं. आमच्याकडे लग्नातून उपाशी कुणी जात नाही, मग तो फ्लॅट बघायला आलेला का असेना.

अक्षता पडल्या. ताईने माझ्या हातात एक भरलेली पिशवी दिली. काकांसाठी तिने ती आधीच बाजूला ठेवली होती. "जा, त्यांचे पाय धर न मनापासून माफी माग. मग मी तुज्याशी बोलंन."

मी मंडपभर त्यांना शोधलं. शेवटी दिसले, भाताच्या टोपाजवळ, पाठमोरे. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. मी धावत गेले, सरळ पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देत म्हटलं, "काका, मला माफ करा! मी माणूस ओळखायला चुकले. आता आयुष्यात चुकणार नाही!"

तो बिचारा घाबरून चार पावलं मागे सरकला. हातातला झारा तसाच होता.

"उठा, उठा मावशी, काय करताय! मी केटरिंगचा!"