इनासने वर्षभर न घेतलेली भाकर

फिलोमेनावहिनींचा फोन आला तेव्हा मी आमच्या माकुणसारच्या वाडीत नारळांना पाणी सोडत होतो. "रघूभावजी, हे गेले ओ," एवढंच त्या म्हणाल्या. पंप तसाच चालू राहिला, पाणी आळ्यातून वाहून कुंपणापर्यंत गेलं, मला भान नाही. त्या क्षणी पहिलं काय मनात आलं ते सांगायला लाज वाटते, पण लाज राखायची असती तर हे लिहायलाच बसलो नसतो. मला वाटलं, चला, आता ते एक विचारणारं कोणी उरलं नाही... सुटलो. हो, सुटलो असंच वाटलं. मग तिथेच बांधावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

इनास आणि मी बोईसर-तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं एकत्र काढली. मी शिफ्टचा इनचार्ज, तो फिटर. मूळचा वसईकडचा, नोकरीसाठी पालघरला येऊन राहिलेला. आमच्या खात्यात ख्रिस्ती तो एकटाच. डबा उघडण्याआधी डोळे मिटून कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावायचा आणि आम्ही हटकून चेष्टा करायचो, "इनास, वहिनींनी दिलंय तरी काय डब्यात, एवढा घाबरतोस ते?" तो हसून म्हणायचा, "तुमी नाय घाबरत, म्हणून तर तुमची पोटं बिघडतात." धर्माबद्दल त्याने आमच्याजवळ कधी अवाक्षर काढलं नाही. कोणाला चर्चला चल म्हटलं नाही, कोणाच्या हातात पत्रक दिलं नाही. दिवाळीला आमच्या ड्युट्या तो उचलायचा, नाताळला आम्ही त्याची. उपवासकाळात चाळीस दिवस मासळी सोडायचा, आणि आमच्या डब्यातल्या सुकटीचा वास आला की कण्हत कण्हत वांग्याची भाजी खायचा. संतबिंत काही नव्हता तो. कॅरममध्ये हरला की दोन दिवस तोंड फुगवून बसायचा. चर्चमध्ये इतका बेसूर गायचा की वहिनी मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसत. आणि हट्टी तर असा की विचारू नका. त्याचा एक हट्ट मला फार महाग पडला, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत असे.

ती हकीकत सोळा वर्षांपूर्वीची. आमच्याकडे सेंट्रीफ्यूज नावाचं मशीन होतं. ओला माल गरगर फिरवून कोरडा करणारं मोठं पिंपच म्हणा ना. झाकण उघडलं की ते आपोआप बंद पडावं म्हणून त्याला एक स्विच असतो. तो स्विच सारखा अडायचा, काम खोळंबायचं आणि साहेब माझ्या नावाने शंख करायचे. एका सकाळी मी वैतागून इनासला म्हटलं, "त्या स्विचला तार बांधून टाक, नंतर बघू." म्हणजे झाकण उघडं असलं तरी मशीन चालू राहणार. तो म्हणाला, "रघू, हे बरोबर नाय." मी म्हटलं, "बरोबर-चूक माझ्यावर सोड, तू बांध." त्याने बांधली. चौथ्या दिवशी सुरेंद्रचा उजवा हात चालत्या मशीनमध्ये गेला. बिहारकडचा कंत्राटी कामगार, घरी नुकतीच मुलगी झालेली. तीन बोटं गेली. ती किंकाळी... जाऊ दे.

त्याला गाडीत घालून नेलं, आणि त्या गडबडीत मी काय केलं असेल? ती तार काढून खिशात टाकली. चौकशी लागली. 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे दोन शब्द साहेबांना सोयीचे होते आणि मला तर त्याहून. मी तसं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी इनासची पाळी होती. आदल्या संध्याकाळी तो माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. "रघू, उद्या मी खरं काय ते लिहिणार हाय. तुझ्या पाठीमागे लिहिलं असं नको व्हायला, म्हणून सांगायला आलो." मी त्याला नाही नाही ते बोललो. त्याच्या धर्मावरूनही बोललो, ते शब्द मला इथे लिहवत नाहीत. तो सगळं ऐकून घेत उभा होता. शेवटी म्हणाला, "तार माझ्या हातांनी बांधलीय. माझं नाव तुझ्या आधी लिहिणार." आणि गेला.

मला शिफ्टवरून उचलून गोदामात टाकलं. इनासला तीन महिने घरी बसवलं, बढती तोंडाशी आली होती तीही गेली. सुरेंद्रला भरपाई मिळाली, नाहीतर बिचाऱ्याच्या हातावर तुरी देऊन मोकळे झाले असते सगळे. यातलं मला दिसलं ते फक्त माझं गोदाम. मी इनासशी बोलणं टाकलं. समोर आला की मान फिरवायची. दर शनिवारी संध्याकाळी तो पालघरहून सफाळ्याला उतरून, तिथून टमटमने आमच्याकडे यायचा आणि अंगणातून हाक मारायचा, "रघू, हाय का घरात?" मी आतून सुलूला, माझ्या बायकोला, हाताने खूण करायचो. ती ओट्यावर तांब्या नेऊन द्यायची आणि खाली बघून सांगायची, "घरी नायत, भावजी." तो पाणी प्यायचा, "येतो वहिनी," म्हणायचा, परत जायचा. पावसाळ्यातसुद्धा चुकला नाही. मला वाटायचं, मन खातंय त्याला. खाऊ दे, चांगलं आहे!

असं जवळजवळ वर्ष गेलं. मग त्याच्या मुलीच्या, स्टेलाच्या, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं आमंत्रण आलं. त्यांच्यात मुलांना पहिल्यांदा वेदीपाशी पवित्र भाकर देतात त्याचा तो सोहळा. मी गेलो नाही, सुलू गेली. संध्याकाळी परत आली ती रेशमी साडी न बदलताच माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, सगळं चर्च रांगेत उठून गेलं. पांढऱ्या झग्यातली स्टेला बापाकडे वळून वळून बघत होती. आणि इनास बाकावर बसून होता, खाली मान घालून. पोर परत आली ती रडतच. सुलूने फिलोमेनावहिनींना बाजूला घेऊन विचारलं, तशा त्या उसळल्याच, "वर्ष झालं, भाकर नाय घेतली ह्यांनी! ज्याच्या मनात आपल्याबद्दल राग हाय, त्याच्याशी गोड झाल्याबिगर वेदीपाशी जायचं नाय म्हणतात. फादर स्वतः बोलले, इनास, तू तुझ्या बाजूने केलंस सगळं, ये आता. तर म्हणाले, फादर, खरं बोललो त्याचं मला दुःख नाय. पण रघू घरात असून नाय म्हणून सांगतो, तोवर तो घास माझ्या गळ्याखाली उतरायचा नाय."

हे सांगून सुलू म्हणाली, "तुमी एका माणसाला देवाच्या भरल्या पानावरनं उठवलंत." मी ओरडलो, "मी सांगितलं होतं काय त्याला उपाशी राहायला?" ती आत गेली. आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा पानावरून उठवत नाहीत. माझ्या आईने तर दारात भांडायला आलेल्या माणसाला आधी जेवू घातलं होतं. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही, खोटं कशाला बोलू. शनिवारी हाक आली. मी दारात गेलो आणि "ये," एवढंच म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, चपला काढल्या, आत येऊन बसला आणि म्हणाला, "वहिनी, आज पाणी नको, चहा टाका." मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "आपलं झालं. तू सुरेंद्रला भेटलास का?" मी म्हटलं, जाऊ.

सुरेंद्रने तोवर बोईसरला इस्त्रीचं दुकान टाकलं होतं. जागा इनासनेच हिंडून शोधली होती. डाव्या हाताने इस्त्री फिरवायला तो महिनाभर शिकत होता, आणि या शिकण्यात इनासचे चार सदरे जळाले. हे मला वहिनींकडून कळलं. इनासने मला पंधरा वर्षांत फक्त तीनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं ते मी निवृत्त झालो त्या दिवशी. तेव्हाही मी म्हटलं, जाऊ रे. बोईसरला मी शंभरदा गेलो असेन, पण त्या गल्लीच्या तोंडाशी आलो की पाय दुसरीकडेच वळायचे. मोठ्या गुन्ह्यापेक्षा हे 'जाऊ रे' माणसाला जास्त सडवतं, असं आता वाटतं. तिसऱ्यांदा विचारलं ते शेवटच्या भेटीत. पालघरच्या घरी तो खाटेवर होता, पार वाळलेला, आवाज घोगरा झालेला. "सुरेंद्र येऊन जातो अधूनमधून. तू कधी जाणार?" मी म्हटलं, "तू बरा हो, दोघं मिळून जाऊ." तो हसला. "मी बरा व्हायची कशाला वाट बघतोस? तसाच जा." आठ दिवसांनी तो गेला.

दफनाला सुरेंद्र आला होता. केस पिकलेले, इस्त्री केलेला पांढरा सदरा. एकेक जण मूठभर माती टाकत होता. त्याने उजवा हात पुढे केला. उरलेला अंगठा आणि करंगळी, त्यात माती थांबेना. तो वाकला, पुन्हा उचलली, पुन्हा सांडली. डावा हात धड असताना त्याने तो वापरला नाही. तिसऱ्यांदा जेवढी राहिली तेवढी त्याने पेटीवर टाकली. आणि मी, पासष्ट वर्षांचा घोडा, गर्दीत चार माणसांच्या मागे सरकून उभा राहिलो, त्याच्या नजरेला पडू नये म्हणून.

त्यानंतर वीस-बावीस दिवस मला धड झोप नाही. मागच्या मंगळवारी दुपारी बोईसरला उतरलो आणि त्या गल्लीत शिरलो. सुरेंद्र पँटवर इस्त्री फिरवत होता. मी पायरीवरूनच, माझ्या मोडक्या हिंदीत, एका दमात सांगून टाकलं. तार बांधायला मी सांगितलं होतं, नंतर ती काढली मी, आणि तुझ्यावर ढकललं तेही मीच. त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "मालूम है, साब," म्हणाला. "इनासभाई बोलते थे, रघुनाथसाब आएँगे। मैं बोलता था, छोड़ो भाई, नहीं आएँगे।"

त्याने स्टुलावरचे कपडे उचलून स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. माफ केलंस का, हे विचारायची माझी छाती झाली नाही, आणि त्यानेही आपणहून काही सांगितलं नाही. पुन्हा इस्त्री हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वो थे, तब आते... तो उनको अच्छा लगता।"