रडका पिक्चर

आमच्यात रुसून माहेरी आलेल्या लेकीला परत पाठवायची एक रीतच होती. चार दिवस गोडधोड खाऊ घालायचं, मग एखाद्या रडक्या कौटुंबिक पिक्चरला न्यायचं. पडद्यावरची सून मुकाट सोसते, शेवटी सासू विरघळते, आणि इकडे लेक पदर भिजवून म्हणते, घाला मला नेऊन. माझ्या चुलत बहिणीला असंच वळवलं होतं. पंचवटीतली मावशी या कामात पटाईत.

मी काही रुसून आले नव्हते. भाजी अळणी झाली म्हणून नवऱ्याने ताट भिरकावलं. त्याची खोक कपाळावर घेऊन निफाडहून एकलहऱ्याला, वडिलांच्या क्वार्टरमध्ये आले होते. परत जायचं नाही हे ठरवूनच. वडील खोक बघून म्हणाले, मीठ टाकायला काय होतं गं तुला? रुसली म्हणे! रक्त आलं तरी त्याला रुसवाच म्हणणारी माणसं ती.

पिक्चर मावशीने पोस्टर बघून निवडला. डोळ्यांना पदर लावलेली सून, मागे डोळे वटारलेली सासू. आणखी काय पाहिजे? नाशिकरोडला दुपारच्या खेळाला आई, मावशी आणि मी अशा तिघी गेलो. मावशीने माझ्या हातात वडिलांचा मोठा रुमाल कोंबला. मी मनात म्हटलं, करा काय करायचं ते, मी रडायची नाही.

सुरुवात नेहमीचीच. सासूने सुनेला बोल लावले, सनई गळा काढायला लागली. आणि सून एकदम वर बघून म्हणाली, "थांबा हो, मला अजून रडू आलं नाही." सनई मधेच बंद. मला वाटलं, रीळ तुटलं. मग पुढच्या रांगेत एक बाई फिसकन हसली आणि सगळ्याच हसायला लागल्या. पुढे तर कहरच. सासू छळायच्या आधी आमच्याकडे बघून विचारायची, आज चटका देऊ की उपाशी ठेवू? शेवटी त्या सुनेची आई ओटी भरायला आली, तर सुनेने नारळ तिच्याच हातात परत ठेवला, पिशवी उचलली आणि चालती झाली. बायकांनी टाळ्या पिटल्या. ज्याने कोणी हा पिक्चर काढला, त्याने ते रडके पिक्चर ढीगभर, दातओठ खात बघितले असणार. मी तर खूश होऊन गेले.

मावशी चडफडत होती, हे कसलं मेलं म्हणून. आई मात्र पोट धरून हसत होती. इतकी, की रुमाल तिलाच लागला. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तिला असं हसताना मी कधी बघितलंच नव्हतं. मला वाटलं, कळलं हिला. सुटले मी. बसमध्ये सुद्धा ती मधूनच आठवून हसायची, आणि मी बावळट तिच्याबरोबर हसत होते.

सकाळी उठून बघते तर पाट मांडलेला. तांदूळ, खण, नारळ. माझी पिशवी दारात. खोकेला बोट लागू नये म्हणून आईने कुंकू अगदी जपून लावलं. तेवढी माया होती तिला. मी म्हटलं, "थांब गं आई, मला अजून रडू आलं नाही."

ती हसली नाही. "तो पिक्चर होता, बाई," म्हणाली. "तुझ्या पाठच्या दोघी उजवायच्यात अजून." आणि नारळ माझ्या पदरात टाकला. मी तो परत तिच्या हातात ठेवायला हवा होता म्हणता? बोलायला काय जातं! मग जायचं कुठे?

वडिलांनीच निफाडला नेऊन सोडलं. चहा पिऊन लगेच निघाले. संध्याकाळी सासूने तो नारळ फोडला, तर नासका निघाला. "माहेरच्यांनी हलवून तरी बघायचा," ती म्हणाली. तेव्हा मला रडू आलं.